पाणी जाते कोठे?

जी गळती एका रात्रीत भांडे रिकामे करते तिच्याविषयी कोणाला काही शिकवावे लागत नाही. सकाळी भांडे कोरडे दिसते, घरात चौकशी सुरू होते आणि दुपारपर्यंत ते दुरुस्तीला जाते. विचार करावा लागतो तो दहा-बारा दिवसांत पेलाभर पाणी नाहीसे करणाऱ्या गळतीचा. तेवढे पाणी वरून घालता येते. त्याला पैसे पडत नाहीत, दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही आणि कोणाची तक्रारही उरत नाही. जे नुकसान इतक्या स्वस्तात भरून काढता येते त्याचे मूळ शोधण्याचे बंधन माणसावर असते काय? आणि त्याने ते शोधलेच नाही, तर पुढे अनर्थ घडल्यावर ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो काय? हे प्रश्न आमच्यापुढे उभे केले ते आमच्या दारातल्या पंधरा वर्षांच्या मोटारीने. म्हणून त्यांचा विचारही तिच्याच आधाराने करणे आम्हाला सोयीचे वाटते. तत्त्वचर्चेत रेडिएटर आणि वॉटर पंप यावेत हे काही वाचकांना रुचणार नाही; परंतु आपल्या नैयायिकांनी घट आणि पट यांवाचून पान हलू दिले नाही, तेव्हा आम्हालाही एका यंत्राची मुभा असावी.

गाडी २०१० साली घेतलेली. डिझेलवर चालणारी, उंच बांध्याची, मागे तिसरी बैठक असलेली. हल्ली ज्यांना सरसकट एसयूव्ही म्हणतात त्यांपैकी. इंदूरच्या मराठी घरांत अशी गाडी घेण्याचे कारण बहुधा एकच असते. अर्धे गणगोत जळगाव, नाशिक, पुण्याकडे असते आणि लग्नामुंजींना एकट्यादुकट्याने जाण्याची आपली रीत नाही. मानपूरचा घाट उतरून निमाडात, पुढे सेंधव्याहून बिजासनचा घाट उतरून शिरपूर-धुळ्याकडे, आणि परतताना तेच दोन्ही घाट भरल्या गाडीनिशी चढून पुन्हा माळव्यात, असा तिचा क्रम होता. २०२५ मध्ये तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे पुरी झाली. नूतनीकरण झाले, पण घरात दोनच माणसे उरल्याने ती विकावी असेही ठरले. त्याच सुमारास लक्षात आले की बोनेटखालच्या बाटलीतील कूलंट वरच्या रेघेवरून खालच्या रेघेवर यायला दहा-बारा दिवस लागतात. अंगणातील फरशीवर मात्र एक थेंब नाही. शेजारी, नातेवाईक, अधूनमधून गाडी चालवायला येणारा चालक, सर्वांचे उत्तर एकच होते: जुनी गाडी आहे, थोडे पाणी पिणारच.

हा ‘पिणारच’ शब्द आम्हाला खटकला. बैल पाणी पितो. इंजिन पीत नाही. डिझेल ते जाळते, ऑइलही थोडेफार जाळते. परंतु त्याला थंड ठेवणारे पाणी बंद वाटेने फिरत असते आणि त्याने जसेच्या तसे परत यावे अशी मूळ योजना असते. डिझेलमधून निघणाऱ्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश कामी येते, जवळपास तेवढीच धुरावाटे निघून जाते आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग या पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप ते इंजिनाच्या अंगातून ढकलतो, ८० ते ९० अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो, रेडिएटरमध्ये वारा लागून ते निवते आणि पुन्हा आत जाते. यात झाकणाचे काम लोकांच्या ध्यानी येत नाही. ते झाकण आत सुमारे एक बार इतका जादा दाब धरून ठेवते, आणि त्या दाबामुळे साधे पाणीसुद्धा १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. ग्लायकॉल मिसळलेले असेल तर आणखी वर. याचा अर्थ असा की बारीक छिद्रातून पाण्याबरोबर दाबही निसटतो. पेलाभर पाणी वरून घालता येते. दाब वरून घालता येत नाही. शहरातल्या शहरात, सपाटीवर, याने काही अडत नाही. वैशाखात सात माणसे घेऊन बिजासन चढताना अडते.

आमच्या नोकरीची पहिली वर्षे निमाडातल्या तहसिलींत गेली. त्या काळच्या सरकारी जिपांना समोर कापडी छागल टांगलेली असे आणि मागे पाण्याचा डबा. सकाळी ‘पाणी पाहणे’ हा चालकाच्या दिनचर्येचा भागच होता. आमच्या वाट्याला आलेल्या एका जिपेचा रेडिएटर कित्येक वर्षे पाझरत होता. तो उतरवून झाळून घ्यायचा तर मागणीपत्र, तीन दरपत्रके, मंजुरी आणि तरतुदीची उपलब्धता एवढे सोपस्कार. पाण्याला मात्र लेखाशीर्षच नव्हते. लॉगबुकात डिझेल येई, ऑइल येई, किलोमीटर येत, पण पाणी कधीच येत नसे. लेखापरीक्षण होई तेव्हा कागदोपत्री ती जीप संपूर्ण निर्दोष ठरे. यात कोणी लबाडी केली नव्हती. चालक तर विलक्षण इमानी होता. उन्हातान्हात विहिरीवरून डबा भरून आणण्यात त्याने कधी हयगय केली नाही, आणि त्याची ती कर्तव्यदक्षता हेच त्या गळतीचे पांघरूण झाले होते. तो एक आठवडा आळशी राहिला असता तर रेडिएटर दुरुस्त झाला असता, असे आम्हाला आजही वाटते.

आपल्या मंडळींना हे निराळे समजावून सांगायला नको. होळकरांच्या काळापासून येथे नांदणाऱ्या घरांतली मराठी किती रेघा खाली उतरली आहे हे प्रत्येकाला ठाऊक आहे. गणेशोत्सवात एक नाटक, कोजागरीला गाणी, दिवाळीला दोन अंक, की बाटली पुन्हा वरच्या रेघेपर्यंत भरल्याचे समाधान मिळते. घरातल्या कोणत्या खोलीत, कोणाशी बोलताना भाषा बदलते हे पाहण्याचे मात्र आपण टाळतो, कारण ते पाहिले तर दुरुस्ती आपल्याच जेवणाच्या टेबलापाशी करावी लागेल. असो. हा विषय या पानांवर पुष्कळदा येऊन गेला आहे.

गाडी पाहायला आलेले गृहस्थ बडवानी जिल्ह्यातले, मिरची-कापसाची शेती असलेले. आठ माणसांचे कुटुंब आणि मुलीचे सासर महाराष्ट्रात, म्हणजे घाट त्यांनाही चुकणारा नव्हता. त्यांनी टायर पाहिले, एसी लावून पाहिला, गालिचा उचलून गंज पाहिला आणि दहा मिनिटे रिंगरोडपर्यंत चालवून आणली. पाण्याविषयी त्यांनी काही विचारले नाही. किमतीचे जवळपास ठरले आणि आठवड्याने येण्याचे सांगून ते गेले.

आमच्या एका वकील मित्रांचा सल्ला या टप्प्यावर मिळाला. ते म्हणाले, “खोटे काही बोलू नका, आणि आपणहून काही सांगूही नका.” त्यांनी आधार दिला तो १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमाचा. केवळ मौन म्हणजे फसवणूक नव्हे, असा त्या कलमाचा स्थायीभाव आहे, आणि तो पटवण्यासाठी कायद्याने घोड्याचे उदाहरण घेतले आहे. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष असल्याचे त्याला माहीत असते. तो काही बोलत नाही. ही फसवणूक ठरत नाही. परंतु कायदा येथेच थांबत नाही, आणि आमच्या मित्रांनी जे सांगितले नाही ते आम्ही पुस्तक काढून वाचले. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच घोड्याचा दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असे मी समजेन, तर तेथे गप्प राहणे हेच बोलणे होते. दीडशे वर्षांपूर्वीचा हा मसुदा लिहिणाऱ्यांना माणसाची चांगली पारख होती. मौनाला स्वतःचा असा अर्थ नसतो, तो समोर कोण आहे यावरून ठरतो, एवढे त्यांनी तीन उदाहरणांत सांगून टाकले आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की त्यातली ती मुलगी किती दूरवर धरायची. बडवानीचे गृहस्थ आमचे कोणी लागत नव्हते. परंतु आमची माणसे ज्या घाटातून गेली त्याच घाटातून त्यांची नातवंडे जाणार होती. एकोणिसाव्या कलमात आणखी एक अपवाद आहे: घेणाऱ्याला साधारण दक्षतेने सत्य कळून घेता येण्यासारखे असेल, तर केवळ मौनाच्या कारणावरून त्याला करार मोडता येत नाही. दहा दिवसांत उमटणारी खूण दहा मिनिटांच्या फेरीत दिसावी, अशी कोणती दक्षता त्यांच्याजवळ असणार होती?

मित्रांच्या सल्ल्याचा उत्तरार्ध अधिक सूक्ष्म होता, आणि आमच्या मते सगळा प्रश्न त्यातच आहे. “गाडी तपासायलाच नेऊ नका,” ते म्हणाले. “तपासली तर कळेल, आणि कळले तर सांगायचे की नाही हे ठरवत बसावे लागेल. न तपासल्यास तुम्हाला काही माहीतच नाही.” मौनाहूनही निर्दोष अशी ही जागा आहे. गप्प बसणाऱ्याजवळ निदान लपवण्यासारखे काही असते. येथे तेही नाही.

इंग्लंडमधील गणितज्ञ विल्यम किंग्डन क्लिफर्ड याने १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ या निबंधात नेमकी हीच जागा धुंडाळली आहे. एक जहाजमालक देशांतर करणाऱ्या कुटुंबांना घेऊन जाणारे जहाज समुद्रात पाठवण्याच्या तयारीत असतो. जहाज जुने, मुळात फारसे चांगले बांधलेले नाही, वारंवार दुरुस्तीला आलेले. त्याच्या मनात शंका येतात. तपासणी करावी तर खर्च मोठा. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी करून ते सुखरूप परतले आहे, याही वेळी परतेल, ईश्वर त्या कुटुंबांचा सांभाळ करील. हळूहळू त्याची मनापासून खात्री पटते. जहाज बुडते, आणि त्याला विम्याचे पैसे मिळतात. क्लिफर्ड म्हणतो, हा मनुष्य त्या मृत्यूंचा दोषी आहे, आणि त्याची खात्री प्रामाणिक होती याने काही फरक पडत नाही. कारण ती त्याने पुराव्याने मिळवली नव्हती, शंका दाबून मिळवली होती. पुढे तो आणखी कडक होतो: जहाज सुखरूप पोचले असते तरी मालक तितकाच दोषी. त्या काळी इंग्लंडमध्ये अशा जहाजांविषयी मोठी ओरड चालू होती. सॅम्युएल प्लिम्सॉल याच्या प्रयत्नांनी १८७६ मध्ये जहाजांवर भाराची मर्यादा दाखवणारी रेषा काढणे सक्तीचे झाले. ती रेषा कोठे काढायची हे मात्र आरंभी काही वर्षे मालकाच्याच मर्जीवर राहिले. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला या तपशिलाचे नवल वाटत नाही.

क्लिफर्डच्या जहाजमालकात आणि पाणी घालणाऱ्यात आम्हाला एक भेद दिसतो. मालक आपली शंका विचाराने शमवतो; त्याला निदान मनाशी युक्तिवाद करावा लागतो. पाणी घालणारा ती कृतीने शमवतो. हात सेवेत गुंतले की आपण कर्तव्य केले असे मनाला वाटते, आणि शंकेला तोंड उघडायला जागा राहत नाही. शिवाय त्याच्या अज्ञानाची रचना मोठी चमत्कारिक असते. गळती आहे हे त्याला ठाऊक असते, नाहीतर तो पाणी का घालता? ती कोठे आहे एवढेच त्याला ठाऊक नसते, आणि तेवढ्या अज्ञानाच्या बळावर तो सगळे अज्ञान आपल्या नावे करून घेतो.

आम्ही गाडी तपासायला नेली. त्यापूर्वी शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी निदान करून टाकले होते. सकाळी गाडी सुरू करताना सायलेन्सरमधून पांढरे काही निघाले, तेव्हा हेड गॅस्केट गेले, मोठा खर्च निघेल, मिळेल त्या किमतीत काढून टाका, असे त्यांचे मत. पर्वतावर धूर दिसला म्हणून तेथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातले सर्वपरिचित अनुमान. त्यातला एक धोका बौद्ध तर्कवेत्त्यांनी आवर्जून नोंदवून ठेवला आहे. जो धूर वाटतो तो कदाचित बाष्प असेल. अशा संशयित हेतूला ते संदिग्धासिद्ध म्हणत. माळव्यातल्या थंडीच्या सकाळी नेमके हेच घडते. डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होतेच, ती गारठ्यात दिसते आणि इंजिन तापले की दिसेनाशी होते. गॅस्केट फाटून कूलंट आत जळत असेल तर पांढरा धूर तापल्यावरही हटत नाही, त्याला गोडसर वास येतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहतात, कधी ऑइल दुधाळ होते. उन्हाळ्यात गाडीखाली पडलेले थेंब पाहून घाबरणारेही पुष्कळ असतात. ते एसीचे स्वच्छ पाणी असते, बोटांना चोपडे लागत नाही. उलट एकही थेंब बाहेर न पडता कूलंट जाण्याच्या वाटा डिझेल गाडीत अनेक आहेत, आणि त्या एकेक करून पडताळाव्या लागतात.

मिस्त्री वृद्ध होते, आणि फार बोलणारे नव्हते. इंजिन पूर्ण थंड असताना त्यांनी रेडिएटरचे झाकण काढले, त्या जागी हातपंप बसवला, काटा एक बारच्या जवळ नेला आणि आम्हाला चहाला बसवले. चहा संपेपर्यंत काटा थोडा खाली आलेला होता. एकाही जोडाशी ओल दिसत नव्हती. मग त्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला लहान आरसा आणि विजेरी घेतली व पट्ट्याच्या बाजूने इंजिनाच्या पोटाशी पाहू लागले. पुलीभोवतीच्या लोखंडावर गुलाबी, वाळलेले बारीक ठिपके होते, पिचकारी उडाल्यासारखे. आणि पंपाच्या खालच्या अंगाला करड्या रंगाच्या पुट्टीचा एक गोळा घट्ट बसवलेला होता. तो पाहून मिस्त्री प्रथमच हसले.

येथे थोडे थांबून पंपाची रचना सांगितली पाहिजे. पंपाच्या दांड्याच्या एका टोकाला पाणी ढकलणारी पाती असतात, दुसऱ्या टोकाला पट्ट्याने फिरणारी पुली. मध्ये दांडा तोलून धरणारे बेअरिंग, आणि पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ नये म्हणून एक सील. या सीलच्या आणि बेअरिंगच्या मधोमध, पंपाच्या अंगाला, एक लहानसे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. इंग्रजीत त्याला वीप होल म्हणतात, म्हणजे अश्रू गाळण्याचे छिद्र. सील एक दिवस झिजणार हे रचनाकाराने धरून चाललेले असते. झिजेल तेव्हा पाण्याने आत बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावे, आणि पाहणाऱ्याला दिसावे, एवढ्यासाठी ते छिद्र. त्यातून थेंब पडू लागले की पंप बदलायचा. दोन वर्षांपूर्वी घरची मंडळी लग्नाहून परतत असताना वाटेत पाणी गळू लागले होते, आणि रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने अर्ध्या तासात गळती ‘बंद’ करून दिली होती. त्याने ते छिद्रच बुजवले होते. थेंब पडायचे थांबले. मग पाण्याने आतली वाट धरली, बेअरिंगमधले ग्रीस धुऊन काढले आणि पुलीच्या बाजूने ते बारीक तुषारांच्या रूपाने उडू लागले. तप्त लोखंडावर ते तिथल्या तिथे वाळत होते, म्हणून फरशी कोरडी होती. मिस्त्रींनी पुली हाताने हलवली. ती हलायला नको होती. बेअरिंग अडकले असते तर पट्टा गेला असता, त्याबरोबर पंप आणि जनित्र दोन्ही बंद पडले असते, आणि घाटात ते चटकन ध्यानात आले नसते तर इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड वाकायला थोडीच मिनिटे पुरली असती.

त्या छिद्राविषयी आम्ही पुष्कळ विचार केला. आपल्या रचनेत पुढे दोष येणार हे आधीच मान्य करून, तो बाहेर दिसण्याची सोय स्वतःच करून ठेवणे ही साधी गोष्ट नाही. आमच्या खात्यात तक्रारपेटी होती. तिची किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रारी असत त्याच्याचकडे असे. आणि याच मोटारीत, त्याच पाण्यासाठी, उलट वृत्तीचा एक भागही आहे: चालकासमोरचा तापमानाचा काटा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तो अशा बेताने बसवलेला असतो की इंजिन थोडे कमीजास्त तापले तरी काटा मधोमध स्थिर राहावा, चालकाने उगाच काळजी करू नये. तापमान बरेच चढल्यावरच तो हलतो. आणि पाणी पारच संपले, मोजणारे टोक कोरडे पडले, तर तो काटा शांत राहू शकतो, खालीही येऊ शकतो. एकाच यंत्रात एक जागा दोष उघड करण्यासाठी आणि दुसरी मनःशांतीसाठी. लोक छिद्र बुजवतात आणि काट्यावर विश्वास ठेवतात.

मिस्त्रींनी तीन मार्ग सांगितले, कोणताही आग्रह न धरता. पाणी घालत राहा. काही महिने चालेल. किंवा बाजारात गळती बुजवणारे द्रावण मिळते, ते ओता आणि विकून मोकळे व्हा; मात्र सीलची गळती त्याने टिकून थांबेल याचा भरवसा नाही. किंवा पंप बदला. दुसऱ्या मार्गाबाबत आम्हाला ट्रकवाल्यांच्या हळदीची आठवण झाली. रेडिएटर फुटला की पाण्यात मूठभर हळद टाकायची, तिचा साका छिद्रात बसतो आणि गाडी पुढच्या गावापर्यंत पोचते, ही युक्ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आडरानात रात्री हळद टाकणारा चालक आम्हाला शहाणाच वाटतो. तीच हळद गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या रात्री टाकली तर? द्रव्य तेच, छिद्र तेच, हातही कदाचित तोच. पहिला मनुष्य वेळ विकत घेतो, आणि त्या वेळात काय करायचे हे त्याला माहीत असते. दुसराही वेळच विकत घेतो, परंतु त्याची किंमत गिऱ्हाईक भरणार असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जुन्या गाडीत काय काय शोधायचे? रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या पंधरा वर्षांत ठिसूळ झालेल्या असतात, नळ्या कडक होतात, झाकणाची स्प्रिंग सैल पडते. प्रत्येक गोष्टीची शहानिशा झाल्यावाचून गाडी विकू नये असे म्हटले तर जगात एकही जुनी वस्तू विकली जाणार नाही. क्लिफर्डचा नियम फार कठोर आहे असे विल्यम जेम्सने १८९६ मध्ये सांगितलेच होते, आणि व्यवहारात आम्ही जेम्सच्या बाजूला अधिक वेळ असतो. आमच्या मते बंधन येते ते खूण दिसू लागल्यावर. जी गळती कधी दिसलीच नाही तिच्याबद्दल अज्ञान हे अज्ञान असते. जिला आपण दर दहा दिवसांनी स्वतःच्या हाताने पाणी घालतो तिच्याबद्दल नव्हे. गाडी मोडीत निघेपर्यंत आपण एकट्यानेच ती चालवणार असू, तर पाणी घालत राहण्याचा हक्क कोणी हिरावून घेऊ शकत नाही. मात्र मागच्या बैठकीवर एक मूल बसले की तो हक्क संपला असे आम्ही मानतो, मग ते मूल आपले असो वा बडवानीचे.

पंप, पट्टा, दोन होजपाईप, झाकण आणि नवे कूलंट मिळून साडेसात हजार रुपये झाले. दहा दिवस गाडी चालवली. बाटलीतली पातळी रेघेवरून हलली नाही. बडवानीचे गृहस्थ आले तेव्हा आम्ही त्यांना सगळे सांगितले: गळती कोठे होती, कोणी बुजवली होती, काय बदलले, आणि रेडिएटर मूळचाच असल्याने त्याच्या टाक्यांवर लक्ष ठेवावे लागेल हेही. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. ज्या गाडीविषयी मालक एवढे आपणहून सांगतो, तिच्यात न सांगितलेले किती असेल, असा हिशेब त्यांनी केला असावा. त्यांनी दहा हजार कमी केले. ओढाताण झाली, शेवटी सहा हजारांवर तुटले. वकील मित्रांना हे कळले तेव्हा ते मनसोक्त हसले, आणि कायद्याने तुमच्याकडून यातला एक रुपयाही मागितला नसता असे म्हणाले. ते खरेच होते.

जुन्या सवयीने आम्ही बदललेल्या भागांची यादी तारखांसह एका कागदावर लिहून दिली. त्यांनी ती न वाचता घडी करून नोंदणीच्या कागदांबरोबर ठेवली. जुना पंपही त्यांनी मागून घेतला. खरगोनला कोणी बेअरिंग आणि सील बदलून देतो म्हणाले, ट्रॅक्टरच्या सामानात पडून राहील. तो त्यांच्या हाती देण्यापूर्वी मिस्त्रींनी एक खिळा घेतला आणि छिद्रातली पुट्टी कोरून काढली.